चूल सोडल्याचं कारण

डॉक्टर वसुधाताई गेल्याचं मला शाळेत मधल्या सुट्टीत फोनवर कळलं. उघडलेला डबा तसाच झाकून ठेवला... दीड महिना होत आला, पण मिरजेच्या त्यांच्या दवाखान्यातली ती सकाळ काही डोक्यातून जात नाही.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, घेऊन मी विट्याहून त्यांच्याकडे गेले होते. आत्या विसरायला लागल्या होत्या, विचारलं एक की सांगायच्या भलतंच. स्मृतिभ्रंश निघाला, तर आम्ही दोघं कामावर असताना दाराला बाहेरून कुलूप लावायचं, हे माझ्या नवऱ्यानं ठरवूनच टाकलं होतं. घरच्यांनी भरायचा कागद मी मास्तरणीच्या उत्साहानं भरला. स्वयंपाक करतात? नाही. एकट्या बाजारात जातात? नाही. खोटं एक अक्षर नव्हतं. ही उत्तरं आणि आत्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण घेऊन संगणकानं स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता सांगितली. मला दारावरचं ते कुलूपच दिसायला लागलं.

ताई मात्र निवांत. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही सोय घेताना त्यांनी एकच हट्ट धरला होता, निकालामागची कारणंही पडद्यावर दिसली पाहिजेत. "कारण न सांगणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही, यंत्राचं कशाला ऐकू?" असं त्या म्हणायच्या. सगळ्यात वरचं कारण होतं स्वयंपाक बंद, त्याखाली एकटीनं बाहेर जाणं बंद. ताई आत्यांच्या कानाशी वाकल्या. "आजी, स्वयंपाक कधी सोडला?" मी लगेच तोंड उघडलं. "तुम्ही नाही," ताई मला म्हणाल्या.

"आवं, सून आली तवाच. तिच्या चुलीत मी कशाला हात घालू?"

"आणि बाजार?"

"आमी बायका एकट्या कवा गेलो बाजारला? मालकच आणायचं समदं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मानानं माझ्या हाती दिलेलं स्वयंपाकघर मी त्यांचा आजार म्हणून लिहून दिलं होतं! ताईंनी मग कान तपासून घेतले. चाचणीतले निम्मे प्रश्न आत्यांना ऐकूच आले नव्हते. "थोडं विसरणं आहे, दर सहा महिन्यांनी बघू. पण तुम्ही म्हणता ते कुलूप कशाला? दोन दिवसांआड भाकरी त्यांना करू द्या," ताई म्हणाल्या. त्या दिवशी माझा नवरा एक भाकरी जास्त खातो, हे मी मोठ्या मनानं सोसलं. ताईंनी ते यंत्र बनवणाऱ्यांना चिकाटीनं पत्रं लिहून त्या कागदात नवा प्रश्न घालून घेतला. स्वयंपाक सोडला असेल, तर का सोडला? माझ्या चुकीवर त्या हसल्या नाहीत, तिचा त्यांनी पुढच्या आज्यांसाठी उपयोग केला. अशी डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात आत्यांना तपासणीला नेलं. त्याच खोलीत नवे डॉक्टर होते. "कशा आहेत आजी?" त्यांनी मला विचारलं. मी ओठ मिटून आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"मी बरी हाय. पण आमच्या डॉक्टरीणबाई कुठं हायत?"

ताई गेल्याचं त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. आत्या माझ्याकडे बघत होत्या... आणि या वेळी उत्तर मलाच द्यायचं होतं.