गॉर्डनचा बर्फ

बर्फाबद्दल कुणी शिकवायला लागलं की डोरीन प्रोकोपचुकच्या कपाळाला आठी पडायची. कॅनडात मॅनिटोबातल्या एका लहानशा गावात गेली सव्वीस वर्षं ती आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बर्फ घोटायचं यंत्र चालवत होती. चाकांच्या आवाजावरून बर्फाची जाडी सांगायची. आता रिंकच्या शीतयंत्रांचा म्हातारा मेकॅनिक वसंतात निवृत्त होणार होता आणि ती जागा डोरीनला हवी होती. त्यासाठी दोन महिन्यांचा कोर्स, आणि कोर्सच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र आणि कलनशास्त्राचा एक पेपर. पास व्हायला साठ गुण. दोनदा ती आपटली होती. तिसरी संधी शेवटची.

म्हणून चार नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी दोन वाजता, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोगी, डबाभर घेऊन ती लायब्ररीतल्या शंकांच्या टेबलाशी येऊन बसली. तिथे तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या थॉर्वाल्डसनबाई असत.

"बाई, पुस्तक चुकलंय," डोरीन म्हणाली.

"वाच बघू."

"रिंकच्या टोकावरून हॉकीची एक चकती सेकंदाला दहा मीटर वेगाने सोडली. घर्षण धरू नका. वीस सेकंदांत ती किती अंतर जाईल?"

"मग?"

"मग काय! बर्फाला घर्षणच नसतं तर मी सव्वीस वर्षं काय झोपा काढल्या? आणि दोनशे मीटर जाईल कुठे? रिंक साठ मीटरची. तीनदा कडेच्या फळीवर आपटेल आणि शेवटी पलीकडच्या फळीपासून वीस मीटरवर असेल. तेसुद्धा उत्तरेची फळी कुजली नसती तर."

बाईंनी एक पिरोगी तोंडात टाकली आणि मनातल्या मनात हिशोब तपासला. बरोबर होता.

"परीक्षेत हेच लिहिलंस?"

"कुजलेल्या फळीच्या चित्रासकट. चित्राचेसुद्धा गुण नाही दिले मेल्यांनी!"

तीन मंगळवार बाईंनी समजावलं. डोरीन मान डोलवायची आणि घरी जाऊन पुन्हा घर्षण धरायची. चौथ्या मंगळवारी बाईंनी वही मिटली.

"डोरीन, शेजारच्या गावची रिंक बघतो तो गॉर्डन. स्वतःच्या बर्फाबद्दल काय सांगत फिरतो गं?"

डोरीनने नाक मुरडलं. "त्याच्या बर्फावर सोडलेली चकती थांबतच नाही म्हणे. आणि रिंक एवढी मोठी की दुसरं टोक दिसत नाही. थापाड्या मेला!"

"मग ही चकती गॉर्डनच्या बर्फावरची समज. त्याचं सगळं खरं धर आणि सांग."

डोरीनने वही परत उघडली. "असं होय! मग दोनशे मीटर. आधी सांगायचंत ना, बाई."

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. वजन नसलेली दोरी गॉर्डनची, हवा नसलेली दुपार गॉर्डनची. अडलं ते फक्त अवकलनापाशी.

"त्याने पकडलेला तो मासा आठव," बाई म्हणाल्या. "दर वेळी सांगताना लांबतो ना?"

"लांबतो? पहिल्यांदा वीस इंच होता. आता गाडीच्या टपावर बांधून आणला म्हणतो."

"म्हणजे वाढायचा वेगसुद्धा वाढतोय. अमुक एका वेळी सांगताना थाप कोणत्या वेगाने वाढतेय, ते काढायचं. तेच अवकलन."

"अगं बाई! हे तर मी रोज चहाला बसून करते."

बारा डिसेंबरला पेपर झाला. जानेवारीत निकाल आला: एकाहत्तर. डोरीनने प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गॉर्डन म्हणतो ते खरं मानल्यास'. पेपरच्या शेवटी तपासनिसाने लाल शाईत विचारलं होतं, 'हा गॉर्डन कोण?'

बातमी शेजारच्या गावात जायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी गॉर्डनचा फोन.

"डोरीन, माझ्यामुळे पास झालीस म्हणे?"

"झाले बाबा," डोरीनला कबूल करावंच लागलं. "तू नसतास तर काही खरं नव्हतं."

फेब्रुवारीत गॉर्डन सांगत होता की त्याने डोरीनला दोन धडे शिकवले. मार्चमध्ये धडे सहा झाले. एप्रिलमध्ये, कोर्स संपून शीतयंत्रांच्या खोलीच्या किल्ल्या डोरीनच्या हाती आल्या त्या दिवशी, ते बारा होते.

किल्ल्या खिशात टाकून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने भराभर आकडे मांडले. मग बाईंना फोन लावला.

"बाई, या वेगाने गेला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुम्हालाही त्यानेच शिकवलेलं असेल!"