रुआबांध्यातील मानाच्या साड्या

मंडळी, चहा आधी संपवून घ्या. हातात पेला धरून ही हकिकत ऐकणाऱ्यांनी आजवर आपले सदरे खराब केले आहेत. मी मात्र ती गंभीरपणेच सांगणार; कारण घडत असताना तिच्यात गंमत कुठेच नव्हती, आणि फजिती सर्वस्वी माझी होती.

लोकाचारांचा अभ्यास हा माझा व्यवसाय. आहेर, ओटी, मानपान यांमागची सामाजिक रचना उलगडून दाखवण्यात माझी उमर गेली. आमचे घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे; वडील पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही भिलाईचे झालो. हॉकीचा नाद मला इथेच लागला, आणि ह्या वयात तो सुटेल असे दिसत नाही.

कोहक्याच्या मैदानाला लागून एक चहाची टपरी आहे. आमच्या मोहल्ल्याच्या महिला हॉकी संघाचे सगळे हितचिंतक तिथे जमतात. त्या दिवसांत विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि प्रचाराच्या भोंग्यांमुळे आम्हाला ओरडून बोलावे लागत असे. अर्थात, भोंगे नसते तरी आम्ही ओरडूनच बोललो असतो, कारण विषयच तसा होता. एका खासगी कंपनीने नवा संघ उभारला होता आणि तिला आमची चंद्रकला हवी होती. चंद्रकला म्हणजे आमचा पेनल्टी कॉर्नर; गोल होत ते तिच्याच काठीने. अंतिम सामना जवळ आलेला, आणि ती गेली तर आम्ही मैदानात केवळ शिष्टाचार म्हणून उतरणार, हे उघड होते.

"हे कंपनीवाले पहिले खेळाडू नेते, मंग मैदान नेते, मंग आमदारबी नेते!" भाऊराव गरजले. भाऊराव रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. मिलच्या गोंगाटात कमावलेला आवाज त्यांनी अजून जपला आहे. "आमी काय टाळ्या वाजवाले बसलो का?"

"आमदारले न्यायची गरजच नाही काका," मोबाइलचे दुकान चालवणारा मनीष म्हणाला. "कंपनीचा चंदा दोन्ही पार्ट्याईले जाते. कोई भी जीते, मॅच त्याईचीच."

"अन् आपली मॅच?"

"चंद्रकला गेली का आपली खतम. ते पोरीले नोकरी देऊन राहिले, क्वार्टर देऊन राहिले. आपण काय देतो? सामोसा!"

"केळंबी देतो बे!"

अशा प्रसंगी अभ्यासकाने मौन पाळावे. मी पाळले नाही. मी पेला खाली ठेवला आणि सांगितले, की राजकारण काय किंवा खेळ काय, पैसा माणसाला फक्त विकत घेतो. मान माणसाला जोडून ठेवतो. ज्या घरी आपण हळदकुंकू घेऊन जातो, त्या घराशी आपले नाते होते आणि ते कोणत्याही कराराहून घट्ट असते. चंद्रकलेची आई मुलीला दूर पाठवायला नाखूश आहे, हे आम्हाला ठाऊक होतेच. तेव्हा त्या माउलीला संघातर्फे मानाची साडी नेसवावी, असा ठराव मी मांडला.

भाऊरावांनी बाकावर थाप मारली. मनीषनेही मान डोलावली. एवढ्यावर थांबलो असतो, तर आज मी तुम्हाला दुसरेच काही सांगत बसलो असतो.

पण शास्त्र थांबू देईना. आईला साडी दिली आणि काकूला वगळली, तर तो मान नव्हे, अपमान. काकूला दिली आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीला डावलली, तर उद्या पाणवठ्यावर बोलणी कोणी खायची?

"सर, पूरा मोहल्ला हो जाएगा," मनीष म्हणाला.

"होऊ द्या," मी म्हणालो.

वर्गणी निघाली आणि मी जातीने पावर हाउस भागातल्या बाजारात गेलो. ठोक दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले. "कौन से वार्ड के लिए, सर?"

"रुआबांधा," मी चंद्रकलेच्या वस्तीचे नाव सांगितले. ग्राहकाच्या वस्तीची इतक्या आस्थेने विचारपूस करणारा व्यापारी आजकाल कुठे भेटतो?

त्याने एकाच रंगाच्या साड्यांचे पोते बांधून दिले आणि आवाज उतरवून म्हणाला, "बिल तो नहीं चाहिए होगा?" ह्या विश्वासाने मी भारावून गेलो. "बिलकुल नाही," मी म्हणालो.

तुम्ही आता हसून राहिलात. मी तेव्हा हसलो नव्हतो. मी मनात ह्या विषयावरचा निबंध जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मालवाहू टेम्पोत पोते, नारळ आणि हळदकुंकवाचे ताट घेऊन भाऊराव, मनीष आणि मी रुआबांध्याला पोचलो. पुरुषांनी कुंकू लावणे प्रशस्त नव्हे, म्हणून भाऊरावांच्या पत्नी सुमनवहिनी सोबत होत्या. टेम्पो गल्लीत वळताच पहिल्या दारातून आवाज उठला, "आले वो बाई, साड्यावाले आले!"

दारे उघडली. बघता बघता बायकांची रांग लागली. समूहाचा असा उत्स्फूर्त सहभाग मी पुस्तकात वर्णिला होता, पाहिला प्रथमच. मी टिपणवही काढली. तेवढ्यात एका म्हातारीने आपले मतदार ओळखपत्र माझ्या पुढ्यात धरले.

"माह्या घरी सुनाबी हायेत बाबू. त्याईचं सांगून ठेवते."

"आजी, मान हा मतावर अवलंबून नसतो," मी म्हणालो.

"मागच्या बारीबी असंच म्हणे. मंग बटन सांगतलं."

सुमनवहिनींनी माझ्याकडे पाहिले. "सर, गडबड होऊन राहिली." माझ्या डोक्यात मात्र अजून प्रकाश पडला नव्हता.

घरात चंद्रकलेचे वडील वामनराव बसले होते. कारखान्यात हयात घालवलेला, मोजके बोलणारा माणूस. समोर कंपनीचे एक अधिकारी. मध्ये तिपाईवर करार, सहीविना. दाराशी चंद्रकला उभी होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिची आई.

"सर," वामनराव म्हणाले, "हे साहेब सकाळपासून बसून हायेत. चंद्रकलेची माय सहीच करू देऊन नाही राहिली. म्हणे, मोहल्ल्याचे लोकं साफ हायेत, पोरीचा सौदा करत नाहीत, त्याईले सोडून नोको जाऊ." त्यांनी दाराबाहेरच्या पोत्याकडे पाहिले. "अन् तुमी बोरा भरून साड्या आणल्या?"

म्हणजे, मंडळी, आम्ही जिंकलेलो होतो! काहीही न देता जिंकलेलो होतो. मी घरी झोपून राहिलो असतो, तरी पेनल्टी कॉर्नर आमचाच होता.

"कावून आणल्या सर?" आईने विचारले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मी परंपरेचे स्पष्टीकरण सुरू केले, एवढ्यात बाहेर गाडी थांबली. आचारसंहितेचे फिरते पथक. एक महिला अधिकारी, दोघे शिपाई आणि कॅमेरा. आम्ही बाहेर धावलो तोवर रांग अशी विरली, की गल्लीत आम्ही, टेम्पो आणि पोते एवढेच उरलो.

"किस पार्टी से हैं आप?"

"मी लोकाचारांचा अभ्यासक आहे."

"बिल दिखाइए."

"बिल मी घेतले नाही."

"साड़ियाँ क्यों बाँट रहे थे?"

"मान म्हणून."

"लिखो," अधिकारीबाई शिपायाला म्हणाल्या, "मान."

"मैडम, हॉकी का मामला है," मनीष मध्ये पडला.

"हॉकी में साड़ी?"

मनीषने माझ्याकडे बोट दाखवले. पोते, कॅमेरा आणि माझे पांढरे केस हे तिन्ही एकाच चौकटीत घेतले जात असताना कंपनीचे अधिकारी शांतपणे बाहेर आले.

"मैडम, ये हमारे विरोधी हैं, इसलिए भरोसे से कहता हूँ. इनके पास किसी पार्टी का पैसा नहीं है. होता, तो हमें पता होता."

पैसा आणि राजकारण ह्यांच्या संबंधावर टपरीवर वर्षानुवर्षे झालेल्या चर्चेत हे एवढे स्वच्छ वाक्य मी ऐकले नव्हते.

अधिकारीबाई चंद्रकलेकडे वळल्या. "तुम बताओ. ये लोग क्यों आए हैं?"

"मुझे रोकने, मैडम. कंपनी में जाने से."

"और तुम क्या चाहती हो?"

चंद्रकलेने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग आईकडे. हा प्रश्न टपरीवर कोणी विचारला नव्हता. घरात विचारला नव्हता. मी तर मान आणि करार ह्यांतला भेद सांगताना, ज्या मुलीबद्दल बोलतो आहे तिला ह्यांतले काय हवे, हे विचारायलाच विसरलो होतो.

"मले जायचं हाय, माय," ती म्हणाली. "खेळाची नोकरी दुसऱ्यांदा दारात नाही येत. मोहल्ल्यासाठी आजपावतर जीव तोडून खेळली. पण फायनल आता माह्याबिना खेळा लागन, सर."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग सुमनवहिनींच्या ताटातले कुंकू बोटावर घेऊन मुलीच्या कपाळी टेकवले. साडीला हात लावला नाही. त्या दिवशी आमच्या साहित्यापैकी कामी आले ते तेवढेच.

पथकाने पोते जप्त केले आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या शब्दावर, ताकीद देऊन, आम्हाला मोकळे केले. मी चपला शोधत होतो, तोच वामनरावांनी आत बोलावले.

"सर, करारावर साक्षीदार लागते. शिकलेला माणूस पायजे."

मी भाऊरावांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते. मी चंद्रकलेकडे पाहिले. ती थेट माझ्याकडे पाहत होती. तुम्ही काय केले असते? मी बसलो आणि अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या पेनाने, सवयीप्रमाणे सर्व पदव्यांसह, सही केली. तिचे दोन्ही हात माझ्या पायांना लागले तेव्हा तोंडातून आशीर्वाद निघाला, आणि तो खरा होता.

परतताना टेम्पो रिकामा होता आणि भाऊराव भिंतींवरची प्रचारपत्रके वाचत बसले होते.

"भाऊराव, काहीतरी बोला."

"काय बोलू सर?" ते म्हणाले. "पोरीले न्यायसाठी कंपनीले नोकरी द्या लागली, क्वार्टर द्या लागलं. तुमी त कंपनीकडं फुकटात गेले."