मी अर्ज मोकलला!

माझी मुलगी आता ज्या विद्यापीठात शिकते, तिथे प्रवेश मिळणं फार अवघड आहे. मी ते आणखी अवघड करून दाखवलं.

ऋचा बडोद्यातच स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला होती. तरसालीच्या आमच्या घरापासून कॉलेज स्कूटीवर अर्ध्या तासात, डब्यात गरम पोळी, सगळं कसं छान चाललं होतं. एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, "मी दिल्लीकडच्या त्या विद्यापीठात ट्रान्सफरसाठी अर्ज करतेय. थेट दुसऱ्या वर्षाला." तिथे पहिल्या वर्षालाच भलेभले दारातून परत येतात. दुसऱ्या वर्षाला तर मधूनच कोणी सोडून गेलं असेल तेवढ्याच जागा! म्हणजे मिळायचं नाही, असा हिशोब करून मी लगेच म्हटलं, "कर की!" (आईचा पाठिंबा असा असतो.)

पण पोरीने मनावर घेतलं. अर्जात एक निबंध होता: सध्याचं कॉलेज का सोडायचं आहे? आता घरात निबंध लिहायचा म्हटल्यावर तो एकटीने कसा लिहायचा? माझा नवरा मिलिंद नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. त्याने तो अपघाताच्या अहवालासारखा लिहिला: घटनेचं स्वरूप, संभाव्य कारणं, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. मी लिहिलेल्या निबंधात ऋचाने घराची इतकी स्तुती केली होती, की वाचणाऱ्याने विचारलंच असतं, मग बाई, निघालीस कशाला?

मग आम्ही मुलाखतीची तालीम घेतली आणि तिचं शूटिंगही केलं. मिलिंद टाय लावून प्रश्न विचारतोय, आणि दर दोन मिनिटांनी एक हात चेवड्याची बशी घेऊन मध्ये येतोय, "आधी खाऊन घे गं!" (हात माझा.) तिसऱ्या तालमीत ऋचा ओरडली, "यासाठीच मला इथून जायचंय!" तेही शूट झालं.

शेवटी तिने स्वतःचा निबंध स्वतः लिहिला, कोणाला न दाखवता पाठवून दिला, आणि आमची सगळी प्रतिभा 'अर्ज – बाकी' नावाच्या फोल्डरमध्ये कोंबली. बाकी म्हणजे उरलंसुरलं, हा तिचा अर्थ. बाकी म्हणजे करायचं राहिलेलं, हा माझा.

इथे आमच्या घरच्या भाषेबद्दल सांगायलाच हवं. मिलिंद साताऱ्याचा, मी जन्माने बडोद्याची. बडोद्याचे मराठी लोक वस्तू पाठवत नाहीत, मोकलतात. गुजरातीत पाठवण्याला मोकलवुं म्हणतात, आणि तो शब्द आमच्या मराठीत कधी येऊन बसला ते आम्हालाही कळलं नाही. मी लग्नानंतर मिलिंदला म्हटलं होतं, "तुमच्या आईंना पत्रिका मोकलली का?" तेव्हापासून तो हसतोय. "तुझ्या मराठीवर शेव भुरभुरलीय," म्हणतो. ऋचा मात्र माझ्या बाजूची. तीही मोकलते. निदान त्या शुक्रवारपर्यंत मोकलायची.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला तिची खरी मुलाखत होती, घरच्या लॅपटॉपवर. चारपर्यंत कॉलेजात प्रॅक्टिकल. दोन वाजता तिचा फोन आला. मागे रिक्षा, बस, हॉर्न, सगळं बडोदं.

"आई, लॅपटॉप..." पॅंऽऽ! "...म्हणून तो 'अर्ज – बाकी' फोल्डर मोक..." पॅंऽ! "...टाक. सगळा! काही ठेवू नकोस. पाचच्या आत हं! मी प्रॅक्टिकलसाठी फोन जमा करतेय, बाय!"

मोकलून टाक. स्वच्छ ऐकलं मी.

कोणाला मोकलायचा, हे विचारायची गरजच नव्हती. लॅपटॉप उघडला तर समोर विद्यापीठाचा ईमेल, आज पाच वाजता हजर राहा म्हणून. मी त्यालाच उत्तर लिहायला घेतलं, फोल्डर जोडला. लॅपटॉप म्हणतो, फाइल फार मोठी आहे. पुन्हा जोडला. पुन्हा तेच! घड्याळात तीन. मला घाम फुटला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि मी अडकलेली! धावत शेजारच्या उर्मिलाबेनना बोलावून आणलं. त्यांचा मुलगा कॅनडात, त्या रोज त्याला व्हिडिओ पाठवतात.

"एमां शुं, स्मिताबेन!" त्यात काय एवढं, अशा थाटात त्या म्हणाल्या. "सात कटका करीने मोकली दो ने!"

सात तुकडे करून मोकला. माझी मुलगी मराठीत आणि शेजारीण गुजरातीत एकच गोष्ट सांगत होत्या, मग शंकेला जागा कुठे राहिली? सात ईमेल झाले. प्रत्येकाखाली मी नम्रपणे लिहिलं, 'उरलेलं पुढच्या ईमेलमध्ये. – ऋचाची आई.' सातवा गेला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही दोघींनी चहा घेतला.

साडेचारला ऋचा धापा टाकत आली. "केलास मोकळा?"

"कधीच! सातही पोचले."

"सात काय पोचले?"

मी अभिमानाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने पहिला ईमेल वाचला. दुसरा. तिसऱ्याला ती खुर्चीत बसली.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "मी म्हटलं, लॅपटॉप भरलाय, म्हणून तो फोल्डर मोकळा करून टाक. मोकळा! 'ळ'! रिकामा!"

"अगं, मग रिकामा म्हणायचं ना! आजच कुठून आठवला तुला मोकळा?"

तेवढ्यात मिलिंद कारखान्यातून लवकर सुटून आला. दोन वाक्यांत त्याला सगळं कळलं. "मी वीस वर्षं सांगतोय..."

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एकदम.

मग ऋचाने जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती. "खरं सांग आई. मी जायलाच नकोय ना तुला?"

अशा वेळी ताबडतोब 'छे गं' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते आलंच नाही. "नकोय," मी म्हटलं. "पण म्हणून मोकललं नाही गं मी." आणि माझे डोळे भरले. तिने घड्याळाकडे बघितलं, लॅपटॉप उचलला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पाचला आम्ही दोघं दाराला कान लावून उभे. आतून एका बाईंचा कडक इंग्रजी आवाज आला. तुमच्या आईचे सात ईमेल आम्हाला मिळाले आहेत, हे काय आहे? मिलिंदने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. ऋचा समजावत होती: मोकल, मोकळा, ल, ळ, सातारा, बडोदा, उर्मिलाबेन.

"घरी तुम्ही नक्की कोणती भाषा बोलता?" बाईंनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय, मॅडम," ऋचा म्हणाली.

आणि यावर बाई हसल्या की रागावल्या, ते कळायच्या नेमक्या क्षणी स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीवर शिट्टी मारायला लागला! (डाळ मीच लावली होती.) धावत जाऊन गॅस बंद करून येईपर्यंत आत फक्त "थँक यू" ऐकू आलं. ऋचा बाहेर आली. चेहरा कोरा. "काही कळलं नाही," एवढंच म्हणाली.

पुढचा महिनाभर मी लॅपटॉपला हात लावला नाही. त्याच्यावरची धूळसुद्धा मिलिंद पुसायचा. रोज सकाळी देवापुढे उभी राहायचे, पण नक्की काय मागायचं ते ठरेना. मिळू दे म्हणावं तर जीभ अडखळायची, नको मिळू दे म्हणावं तर स्वतःची लाज वाटायची. शेवटी नुसती उदबत्ती लावून परत यायचे.

मग एका दुपारी ऋचाने कणीक मळणाऱ्या माझ्यासमोर फोन धरला. मिळालं होतं! मी तिला कणकेच्या हातांनीच मिठी मारली आणि इतकी रडले की तीच मला थोपटत राहिली. तो प्रवेश माझ्या ईमेलमुळे मिळाला की माझे ईमेल माफ करून दिला, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. नातेवाइकांना मी पहिलंच सांगते.

परवा तिचा होस्टेलवरून फोन आला. "आई, माझं कपाट आता मोकळं कर. तुझ्या साड्या ठेव त्यात."

या वेळी मागे रिक्षा नव्हती, हॉर्न नव्हता. 'ळ' अगदी ठणठणीत ऐकू आला. "आजच करते," मी म्हटलं. कपाट उघडलं. आत तिची जुनी ओढणी, शाळेचा स्वेटर, एकच उरलेला मोजा. पाच मिनिटं तशीच उभी राहिले आणि कपाट होतं तसं लावून टाकलं.

मग बाजारात गेले, बडोद्याचा तो बटाट्याचा ओलसर लीलो चेवडो घेतला आणि तिला मोकलला. सात कटके करून.