मदतनिशीचा व्हिडिओ

आम्हा अंगणवाडीच्या बायांचं ट्रेनिंग आधी नांदेडला व्हायचं. सकाळच्या एसटीनं लोह्याहून जायचं, हॉलात पंख्याखालची जागा धरायची आणि दुपारी गोल करून डबे सोडायचे. खरं सांगू का, मॅडम काय बोलल्या ते डब्यांवरच कळायचं. "तुला उमगलं का गं? मला तर न्हाई बाई," असं एखादी म्हणायची, आणि मग जिला कळलंय ती बोटं चाटत चाटत समजावून सांगायची.

आता ट्रेनिंग फोनात आलं. चांगलंच आहे म्हणा. एकच धडा हवा तितक्यांदा बघा, कुणी हसत नाही. पण ग्रुपवर आमच्या सुपरवायझर मॅडमनी "सगळ्यांना समजलं का?" विचारलं की खाली नुसते जोडलेले हात. एकीनं जोडले की दुसरी, तिसरी, झाडून साऱ्या. मॅडमला 'नाही समजलं' म्हणणं आमच्याकडं उलट बोलल्यासारखं वाटतं. मीही हात जोडून मोकळी होते.

माझी मदतनीस बारावी शिकलेली. मी निवृत्त झाले की माझ्या जागी सेविका व्हावं, असं तिच्या लई मनात. मॅडम म्हणाल्या, फोनातले धडे पुरे केलेस तर तुझं नाव पुढं पाठवते. शेवटच्या धड्यात एका आईला सहा महिन्यांच्या लेकराचं पहिलं खाणं समजावून सांगायचं होतं, आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा होता.

तिथं घोडं अडलं. तिची सासू म्हणाली, "आमची सून साऱ्या तालुक्याच्या फोनात? न्हाई जमायचं."

पोरगी रडली नाही, खाली मान घालून नुसते तांदूळ निवडत बसली. तेच मला जास्त लागलं.

एका दुपारी मीच फोन घेऊन तिच्या घरी गेले. "आक्का, तोंड नको दिसायला. नुसते हात घेते, अन् आवाज."

"हात तरी कशाला पाह्यजेत लोकायला?" म्हणत सासू राखणीला बाजूला बसली.

शेजारची लेकुरवाळी समोर बसवली. मदतनिशीनं वाटीत वरणभात घेतला आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली. तेवढ्यात सासू मधी पडलीच. "अगं, भात कशाला? वरणाचं वरचं पाणी पाज. आम्ही त्याच्यावरच वाढवले की लेकरं."

मला वाटलं, झालं, आता ही गप्प बसणार. पण ती सासूकडं वळली. "आत्याबाई, डाळ तर खालीच राहिली न्हवं? पाण्यानं पोट भरल्यावाणी वाटतं, भरत न्हाई." मग बोटांनी भात मऊ कालवला, चमच्यात घेतला आणि चमचा तिरका केला. "बघा, सांडतंय का? असं घट्ट पाह्यजे."

सासूनं चमचा आपल्या हातात घेऊन पुन्हा तिरका केला. "हाव की!"

फोन चालूच होता. सासू त्यात अख्खी आली होती, सुनेचं तोंडही आलं होतं. मी दोघींना दाखवलं. "पुसून टाकू का आक्का?"

तिनं परत परत बघितलं. "पदर बरा हाय माझा. तुमच्या बायायच्याच ग्रुपात टाका मात्र."

टाकला. हात जोडायच्या आधी पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "ताई, लेकरू थुकून टाकून राहिलं, तर काय करावं?" मग दुसरीनं विचारलं, आणि दिवसभर नुसता गलका. मॅडमही खूश झाल्या, नाव पाठवते म्हणाल्या. पण सेविकेचं एका व्हिडिओवर भागत नाही, तिला रोजच फोनात काही ना काही टाकावं लागतं.

आणि ग्रुपातलं ग्रुपात थोडंच राहतं? कुणीतरी पुढं ढकललं, आणि फिरत फिरत ते लातूरला सासूच्या लेकीपर्यंत गेलं. तिचा फोन आला तेव्हा मी सासू-सुनेच्या घरीच होते. आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं. "आई, तू अन् वहिनी फोनात फिरून राहिल्या! माझ्या जावा हसल्या बघून."

मदतनिशीचा हात भाकरीवर थांबला. माझ्या मनात आलं, आता सासू फोनच बंद करायला लावते की काय.

"हसू दे त्यायला," सासू म्हणाली. "तुझं लेकरू काय खातंय ते सांग आधी." पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं. सासूनं फोन सुनेच्या हातात कोंबला. "हिला तूच सांग गं नीट. भाकर मी बघते."

नणंद-भावजयीचं बोलणं लांबलं. भाकर करपली, कारण सासूचे कान फोनाकडंच होते.