कुलूपवाल्या काकांनी ओढायचा राहिलेला ब्रेक

कुलपं दुरुस्त करणारे काका भारी सावध माणूस. गाडी लावली की चारही दारं ओढून बघायचे आणि चार पावलं गेल्यावर पुन्हा मागे फिरायचे. बायको म्हणायची, "अहो, ढकलल्याशिवाय सुरू होत नाही ती! नेणार कोण?"

त्या मंगळवारी कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला काका चढावरच्या इमारतीत गेले. दारं ओढून पाहिली, पण हँडब्रेक ओढायचाच राहिला. गाडी निघाली आपली उताराला. खाली इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल होतं. मावशींनी बाजूला उडी मारली म्हणून जीव वाचला, पण पडताना हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. टेबलाचा तर चुराडाच.

"गाडी कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माझी. पण साहेब, मी गाडीत नव्हतोच! तिसऱ्या मजल्यावर होतो."

"तेच तर, काका. आत असता तर ब्रेक तरी दाबला असता."

जमलेली माणसं हसली. काकांचे कान तापले. ओळखीचा गॅरेजवाला कानाशी लागला, "ब्रेकची केबल तुटली म्हणा. मी लिहून देतो."

काकांच्या ओठांवर आलंच होतं ते. तेवढ्यात कट्ट्यावर बसवलेल्या मावशी, सुजलेला हात मांडीवर धरून, शेजारणीला म्हणाल्या, "अगं, साठ कपडे पडलेत. उद्या काय देऊ लोकांना?"

काका हवालदारांकडे वळले. "लिहा साहेब. ब्रेक ओढला नव्हता. चूक माझी."

औषधपाणी आणि टेबल विम्यातून निघालं. पण विमा काही इस्त्री करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका मावशींच्या दारात हजर.

"येते का तुम्हाला?"

"शिकवा."

सहा आठवडे रोज सकाळी हेच. मावशी प्लॅस्टरमधला हात सांभाळत स्टुलावर बसायच्या. "आधी कॉलर! कॉलर आधी, किती वेळा सांगू!" पहिल्याच आठवड्यात काकांनी एका कारकुनाची बाही जाळली आणि मुकाट्याने स्वतःचा नवा शर्ट त्याला देऊन आले. पँटची रेघ सरळ यायला महिना गेला.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी मावशींनी काकांनी केलेला शेवटचा शर्ट उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. "बरी आहे," एवढंच म्हणाल्या आणि इस्त्री हातात घेतली.

काकांनी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं, "बरी आहे म्हणाल्या!"