ठिपकेकाकांचं शेवटचं कार्ड

आमच्या व्हीलचेअर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक पांढरा फळा आहे. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक खुर्चीचं एक कार्ड. 'चालू'मधलं कार्ड दिवसभरात पुढे सरकलं नाही, की संध्याकाळी त्यावर लाल ठिपका. ठिपके द्यायचे काका, म्हणून ते ठिपकेकाका. माझ्या कार्डांना तर गोवर आल्यासारखे ठिपके असायचे. "काका, जरा डोळेझाक करा की," म्हटलं तर म्हणायचे, "खुर्चीवाला घरात अडकून पडलाय, त्याला सांग डोळेझाक करायला."

त्यांच्या स्वतःच्या कार्डावर कधी ठिपका नसायचा. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. बायको दवाखान्यात असताना "एवढी एक खुर्ची संपवून येतो" म्हणत हे इथे थांबले, आणि तिकडे ती गेली. लेक एवढंच म्हणाली, "तुमचं काम संपलं की फोन करा, बाबा." त्याला सहा वर्षं झाली. ना तिने फोन केला, ना यांनी. एकदा डबा खाताना मला हे सांगितलं त्यांनी, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशीही फळा पुसायला यायचे.

गेल्या महिन्यात काका निवृत्त व्हायचे होते. मालकीणबाई म्हणाल्या, हातातलं शेवटचं कार्ड संपवा आणि मोकळे व्हा. कार्ड होतं कुणीतरी देऊन टाकलेल्या जुन्या खुर्चीचं. नुसते ब्रेक आवळायचे, तासाभराचं काम. पण एक ठिपका पडला, मग चार, मग अकरा! रोज संध्याकाळी स्वतःच्याच कार्डावर मुकाट्याने ठिपका द्यायचे आणि घरी जायचे.

बाराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. पाना घेतला, ब्रेक आवळले, कार्ड 'झालं'मध्ये नेऊन चिकटवलं. म्हटलं, "घ्या! आता तरी जा घरी."

काका पांढरेफटक पडले. "अगं, काय केलंस हे? काम संपलं की मला फोन करावा लागेल ना तिला."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मला स्वतःचीच लाज वाटली. पण मी हट्टी. म्हटलं, "मग करा. मी आहे इथेच."

नंबर त्यांना पाठ होता. चष्मा न लावता दाबला. फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "कामात असेल."

मग उठून फळ्यापाशी गेले. 'झालं'मधलं कार्ड कधीच मागे आणायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी ते काढलं, 'चालू'मध्ये लावलं आणि हात पुढे केला. मी लाल पेन त्यांच्या हातात दिलं.