गळ्यापर्यंत चढलेला वायू

डॉक्टरांनी माझ्या गळ्याखाली बोटे दाबली, तेव्हा कातडीखाली चुरचुर असा आवाज झाला. “सर्जिकल एम्फिसीमा,” ते शेजारच्या डॉक्टरांना म्हणाले. मी ते ऐकले. पण बोलता येत नव्हते. घशात नळी होती आणि तिला व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारे यंत्र, जोडलेले होते. मी तर पित्ताशयातले खडे काढायला आले होते. पोटाच्या शस्त्रक्रियेने गळा का सुजावा, हे मला उमगेना.

ज्यांची अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. लॅप्रोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पोटाला लहान छिद्रे पाडतात आणि आतले नीट दिसावे म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. भूलतज्ज्ञ बाईंनी हे आदल्या दिवशी समजावले, तेव्हाही मी गोंधळले होते. शरीर हा वायू बाहेर टाकते, असे मी कुडव्याच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. मग तोच आत का भरायचा?

“तो रक्तात सहज विरघळतो आणि फुप्फुसांवाटे निघून जातो. शिवाय पेट घेत नाही,” त्या म्हणाल्या.

माझ्या बाबतीत तो पोटाच्या पोकळीतून निसटून कातडीखाली शिरला आणि गळ्यापर्यंत चढला; हाच तो सर्जिकल एम्फिसीमा. रक्तातही त्याचे प्रमाण वाढले. याला हायपरकार्बिया म्हणतात. ते उतरेपर्यंत नळी काढणे धोक्याचे होते. हे सारे मला नंतर कळले. त्या वेळी छाती वर-खाली होत होती, एवढेच जाणवत होते. तो श्वास मी घेत होते की यंत्र, ते सांगता आले नसते.

भेटीच्या वेळी माझे पती आले आणि माझा सुजलेला चेहरा पाहून थबकले. “सिस्टर, हे आमची नोहे. दुसऱ्याच बाईले आणलं तुम्ही!” मी त्यांची बोटे घट्ट धरली. ती सोडवून घेऊन ते माझ्या मनगटावरच्या पट्टीवरचे नाव वाचू लागले.

एक्स-रे झाला. मनगटाच्या धमनीतून पुन्हा पुन्हा रक्त घेतले, ही ए.बी.जी., म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी. अखेर भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “डोकं उचला. माझा हात दाबा. आता श्वास तुम्हीच घ्यायचा.” सूचना सोप्या होत्या, पण श्वास सुरू कसा करतात, हेच मला आठवेना. मग तो आला. त्यामागून आणखी एक आला. नळी निघाली.

वॉर्डात आल्यावर उजवा खांदा असह्य दुखू लागला. खांद्याला तर कोणी हातही लावला नव्हता! आमच्याकडे अशा दुखण्याला ‘शीर चढली’ म्हणतात आणि जाणते हात ती चोळून उतरवतात. बिरसीच्या माझ्या थोरल्या जाऊबाई धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्म्या गावाच्या शिरा उतरवतात. त्या कोमट तेल घेऊनच आल्या होत्या.

“टेबलावर आडवंतिडवं निजवलं असन तुले. खांद्यातली शीर गळ्यात चढून बसली. हू का चू करू नको.”

“अरे मावशी, हाथ मत लगाओ!” सिस्टर धावल्या.

“काऊन? तुम्ही उतरवता का मंग?”

डॉक्टरांनी समजावले. पोटात उरलेला वायू डायफ्रामला, म्हणजे श्वासपटलाला, त्रास देतो. त्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या मज्जातंतूंच्या एकाच मुळाकडे जाते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते. “चोळून वायू निघत नाही. तो यांच्या श्वासातूनच निघेल.”

“एवढ्या मोठ्या दवाखान्यात याले दुसरं औषध नाही?”

“खांद्यासाठी गोळी देतो. वायूसाठी यांनीच श्वास घ्यायचा.”

वायू माझ्याच बाबतीत का निसटला, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. माझे समाधान झाले नाही, तरी त्यांच्याविषयीची कृतज्ञता कमी झाली नाही. वाचकांना एवढेच सांगते: दमा किंवा धाप असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, आणि अशी सूज येऊ शकते हे घरच्यांनाही कळू द्या.

जाऊबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि त्या खाटेशी बसल्या. “घे मंग. हळूहळू घे. मी कुठी जाऊन नाही राहिलो.”

मी श्वास घेतला, सोडला. माझ्याबरोबर त्याही नकळत सोडत होत्या.